पानाच्या कडेवरचा थेंब

मरोळ, सहार, चकाला, कोंडिविटा. अंधेरी पूर्वेची ही नावं आज मेट्रोच्या पाट्यांवर, विमानतळाच्या फाट्यांवर आणि कार्यालयांच्या पत्त्यांत दिसतात. मुळात ही साष्टी बेटावरची गावं, आणि साष्टीचं मुख्य पीक होतं भात. थोडं पुढे, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडून आरेत शिरलं, तर काही पाड्यांवर आजही पावसाळ्यात खाचरं भरतात, आवण काढलं जातं आणि गुडघाभर चिखलात वाकून लावणी होते. मुंबईच्या ऐन पोटात पिकणारं हे भात ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा बाहेरून, बांधावर पाय न देता, जरूर पाहावं. शक्यतो पहाटे. कारण मला जे सांगायचंय ते ऊन चढण्याआधीच दिसतं.

पहाटे भाताच्या पातीच्या टोकाशी आणि कडेकडेने पाण्याचे टपोरे थेंब ओळीनं लागलेले असतात. आपण त्याला दव म्हणून मोकळे होतो. पण यातले बरेचसे थेंब आभाळातून आलेले नसतात, ते रोपाच्या आतून आलेले असतात. रात्री पानावरची श्वास घेणारी रंध्रं मिटलेली असतात, मुळं मात्र खाचरातलं पाणी वर लोटतच राहतात. जास्तीचं पाणी पानाच्या कडेला असलेल्या खास जलरंध्रांतून बाहेर येतं आणि थेंब होऊन लटकतं. ही जलरंध्रं मिटत नाहीत. ऊन वर आलं, पानातून वाफ उडू लागली की आतला दाब उलटतो आणि थेंबातलं काही पाणी त्याच वाटेनं पुन्हा आत ओढलं जातं. रोज रात्री बाहेर, रोज सकाळी आत.

याच उघड्या वाटेवर भाताचा एक भयंकर शत्रू टपून बसलेला असतो. त्याचं नाव झँथोमोनास ओरायझी. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणि मागे एकच शेपटी. शेपटीच्या जोरावर तो थेंबात पोहत असतो, आणि सकाळी रोप पाणी आत ओढतं तेव्हा पाण्याबरोबर तोही आत जातो. एकदा पानाच्या जलवाहिन्यांत शिरला की त्याची संख्या झपाट्यानं वाढते. पानाची कड टोकाकडून पिवळट, मग गवती रंगाची होत खाली उतरते. निरोगी हिरवा भाग आणि करपलेला भाग यांच्यामधली रेघ नागमोडी असते. कोकणात आणि विदर्भातही या रोगाला कडाकरपा म्हणतात. बुरशीमुळे होणारा करपा वेगळा. त्याचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके पानभर कुठेही पडतात. कडाकरपा कडेनंच येतो, कारण जिवाणूंची वाट कडेला आहे.

रोपं कोवळी असताना रोग आला तर संपूर्ण चूड कोमेजून मरते. पोटरीवर आलेल्या भातात आला तर लोंबीत दाणा भरत नाही, पळंज हाती लागतं. साधारणपणे वीस-तीस टक्के पीक जातं, वाईट वर्षी निम्म्यापर्यंत.

हा रोग ओळखायची एक साधी परीक्षा आहे आणि तिच्याइतकं थक्क करणारं दृश्य घरबसल्या क्वचितच पाहायला मिळतं. करपू लागलेल्या पातीचा, हिरवा आणि पिवळा भाग मिळून, दोन बोटं लांबीचा तुकडा कात्रीनं कापायचा. काचेच्या स्वच्छ ग्लासात नितळ पाणी घ्यायचं आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात धरून ग्लास उजेडाकडे करायचा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधट धुरासारखी एक बारीक धार खाली उतरू लागते. बुरशीचा करपा असेल तर ही धार दिसत नाही. दुधट दिसतं ते सगळे जिवाणू आहेत. एकटा जिवाणू डोळ्यांना कधीच दिसणार नाही, पण इथे कोट्यवधींचा लोंढा एका पातीच्या शिरांतून बाहेर पडताना दिसतो, तेही सूक्ष्मदर्शकाशिवाय.

शेतात हाच लोंढा पानावर पिवळ्या, चिकट थेंबांच्या रूपात येतो आणि वाळून मोहरीहून बारीक मणी होतात. पावसाच्या सपक्याने ते विरघळतात आणि पाण्याबरोबर शेजारच्या खाचरात जातात. चिकटपणाचंही कारण आहे. हे जिवाणू स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा गोंद तयार करतात आणि त्यानं पानाच्या जलवाहिन्या तुंबतात. या जिवाणूच्या एका सख्ख्या भावंडाकडून, झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसकडून, कारखान्यांत असाच गोंद करून घेतला जातो. त्याला झँथन गम म्हणतात. सॉस, आइस्क्रीम, टूथपेस्ट दाट व्हावी म्हणून तो घालतात. अंधेरीतल्या कुठल्याही किराणा दुकानात सॉसच्या बाटलीवरचा मजकूर वाचा, 'आयएनएस ४१५' असा आकडा दिसला तर तो हाच. भाताच्या पातीत जीवघेणा ठरणारा पदार्थ आपल्या ताटात निरुपद्रवी आहे.

रोगाची पहिली नोंद १८८४ सालची, जपानच्या फुकुओका भागातली. जमीन आम्ल झाल्यामुळे पानं करपतात असा तिथे समज होता. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताकाइशी या संशोधकाने पहाटेचे गढूळ थेंब तपासले आणि त्यांत जिवाणूंचे पुंजके सापडले. म्हणजे जमिनीवर असलेला आळ थेंब तपासल्यावर उतरला.

भारतात हा रोग प्रथम दिसला तो आपल्याच अंगणात, १९५१ साली, कुलाबा जिल्ह्यात. आजचा रायगड. अंधेरीहून खाडीपलीकडचा जिल्हा. एम. सी. श्रीनिवासन, एम. जे. तिरुमलाचार आणि एम. के. पटेल यांनी १९५९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याचा शास्त्रीय अहवाल दिला. यांतले पटेल म्हणजे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात भारतातल्या वनस्पती-जिवाणूशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ, आणि तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधले. चारच वर्षांनी, १९६३ साली, बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात या रोगाची भयानक साथ आली. त्यानंतर बुटक्या, भरघोस उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या, त्यांना भरपूर युरिया पडू लागला, पानं लुसलुशीत आणि दाट झाली, आणि कडाकरपा देशभर पसरला.

त्यावर उपाय आला तोही पिंपरीहूनच. स्ट्रेप्टोमायसिन नऊ भाग आणि टेट्रासायक्लिन एक भाग असं मिश्रण, स्ट्रेप्टोसायक्लिन या नावानं. कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर ते फवारायचा सल्ला शेतकऱ्याच्या इतका अंगवळणी पडला की कृषी केंद्रात आजही त्याची छोटी पुडी नावानिशी मागितली जाते. पण स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचंही औषध आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाशी मुंबई किती वर्षं झगडते आहे हे इथल्या कुणालाही सांगायला नको. शेतावर अँटिबायोटिक शिंपडलं की त्याला सरावलेले जिवाणू तयार होतात, आणि ही सवय एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं या दोन औषधांचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. मला हे पाऊल योग्य वाटतं. पण मग करपणाऱ्या पातीचं काय करायचं?

उत्तर पुन्हा थेंबापाशीच नेतं. स्ट्रेप्टोमायसिन मुळात प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ यांनी, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्मजीवाकडून मिळवलं. तो सूक्ष्मजीव शेजाऱ्यांशी जागेसाठी झगडताना ते वापरत असावा. मग असं झगडणारा जीवच जिवंत स्वरूपात पानावर आणि मुळावर नेऊन वसवला तर? एका जीवाने दुसऱ्या जीवाला आवर घालायचा, हेच जैविक नियंत्रण. आणि भाताच्या खाचराइतकी अशा जीवांची गर्दी फार थोड्या ठिकाणी असते.

त्यांतला सगळ्यात ओळखीचा म्हणजे स्युडोमोनास फ्लुरोसन्स. काळोखात अतिनील दिव्याखाली धरला तर त्याची वसाहत हिरवट-पिवळी चमकते, म्हणून हे नाव. ही चमक त्याने बाहेर टाकलेल्या एका रंगद्रव्याची असते, आणि ते द्रव्य आसपासचं लोह पकडून आणतं. लोहाची टंचाई असेल तिथे शेजारी उपाशी राहतात. त्याची दुसरी शक्ती याहून थेट. त्याचे काही वाण डायअॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल नावाचं एक जहाल द्रव्य तयार करतात. मद्रास विद्यापीठात सॅम्युअल ज्ञानमाणिक्कम यांच्या गटानं भाताच्या रोपांशी राहणारे असे जिवाणू गोळा केले आणि २००६ साली दाखवून दिलं, की हे द्रव्य तयार करणारे वाण कडाकरप्याला साठ टक्क्यांच्या आसपास आवर घालतात. मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती तिसरी शक्ती. हा जिवाणू मुळाशी बसलेला असतो आणि रोग येतो पानावर. दोघांची गाठही पडत नाही, तरी पान वाचतं. मुळाशी आलेल्या या पाहुण्याची चाहूल रोपाला लागते आणि सगळं रोप सावध होतं. पुढे खरा शत्रू आला की रोपाची प्रतिकाराची यंत्रणा लवकर आणि जोरात चालू होते. मुलाला लस टोचल्यावर जसं होतं, तसंच काहीसं.

बॅसिलस गटातल्या जिवाणूंची गोष्ट वेगळी. त्यांतला एक वाण डिफिसिडिन आणि बॅसिलिसिन अशी दोन द्रव्यं सोडतो आणि झँथोमोनासच्या पेशींची भिंतच खिळखिळी होते. शिवाय संकट आलं की बॅसिलस स्वतःभोवती कवच करून निजतो. ऊन, कोरड, पुडीतले महिने, सगळं सोसतो आणि पाणी लागलं की जागा होतो. दुकानातून शेतापर्यंत जिवंत पोचायचं म्हणजे हा गुण फार मोठा.

जिवाणूंहूनही लहान एक शिकारी खाचराच्या पाण्यात असतो, जिवाणूभक्षी विषाणू, म्हणजे फाज. त्याला माणसाशी, बैलाशी, भाताशी काही देणंघेणं नाही. त्याला नेमका झँथोमोनासच हवा असतो, त्यातही बऱ्याचदा विशिष्ट वाणच. तो जिवाणूच्या अंगावर उतरतो, आपला जनुकसंच आत सोडतो, आतल्या आत आपल्या शेकडो प्रती तयार करवतो आणि जिवाणू फुटतो. जपानमधल्या संशोधकांनी १९५० आणि ६०च्या दशकांत याचा फार चतुर उपयोग केला. ओढ्याच्या आणि खाचराच्या पाण्यात हे फाज किती आहेत ते मोजायचं. भक्षक वाढले म्हणजे भक्ष्य वाढलेलं आहे, म्हणजे पानं पिवळी पडण्याच्या आधीच साथीचा इशारा मिळतो. औषध म्हणूनही फाजचे प्रयोग झाले आहेत. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ऊन फाजला मारतं. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी लागते, आणि जिवाणू एका फाजला सरावू नयेत म्हणून अनेक फाजांचं मिश्रण वापरावं लागतं.

आणि मग डेलोव्हिब्रिओ. याचा शोधच योगायोगाचा. १९६२ साली जर्मनीत हाइन्झ स्टोल्प वनस्पतींना रोग करणाऱ्या एका जिवाणूवरचे फाज मातीतून शोधत होते. सापडला तो फाज नव्हता, तर दुसऱ्या जिवाणूला खाणारा जिवाणू होता. भक्ष्याहून बराच लहान आणि पोहण्यात अतिशय वेगवान. तो भक्ष्यावर येऊन आदळतो, त्याच्या बाह्य आवरणाला भोक पाडून आत शिरतो, भोक बुजवतो, आत बसून यजमानाला पचवत लांब होतो, मग त्याचे तुकडे होऊन सगळी पिल्लं बाहेर पडतात. झँथोमोनासला खाणारे डेलोव्हिब्रिओ भातखाचराच्या पाण्यात सापडलेले आहेत. आपण ज्याला गढूळ पाणी म्हणतो त्यात हे चालू असतं.

आता झँथोमोनासच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, कारण शत्रूची हुशारी कळल्याशिवाय या लढाईचं मोल कळत नाही. हा जिवाणू भाताच्या पेशीत सुईसारख्या नळीतून काही प्रथिनं टोचतो. ती पेशीच्या केंद्रकात जातात, भाताचा डीएनए अक्षर-अक्षर वाचतात, नेमकी जागा शोधतात आणि साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करतात. पेशी आपणहून साखर बाहेर काढते आणि जिवाणूंना खायला मिळतं. ही प्रथिनं डीएनए कशी वाचतात याची किल्ली २००९ साली दोन गटांनी उलगडली, आणि त्या किल्लीवरून कुठल्याही जीवाच्या जनुकात हवा तिथे छेद देणारं एक साधन तयार झालं. माणसाच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांतही ते वापरलं गेलं आहे. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर फक्त एका औषधानं किती दिवस टिकायचं?

म्हणून जैविक नियंत्रणाबद्दल मला जितकं कुतूहल आहे, तितकीच त्याच्या मर्यादांची जाणीवही ठेवावीशी वाटते. कुंडीत आणि जाळीघरात सुंदर चालणारा जिवाणू शेतात गेल्यावर कधी चालतो, कधी नाही. कोकणातल्या पावसाच्या एका झडीत पानावरचं सगळं धुऊन जातं. मातीत आधीपासून राहणारे हजारो जिवाणू नव्याला सहज जागा देत नाहीत. रोग पानभर पसरल्यावर फवारलेला स्युडोमोनास फारसं काही करू शकत नाही. त्याचं काम आधीचं आहे, बियाण्यापासूनचं. जैविक उपाय म्हणजे सोपा उपाय, असं जे दुकानात सांगितलं जातं ते मला पटत नाही.

तो एकटा पुरेसा आहे असंही नाही, जोडीला रोगाला तोंड देणारी जातही हवी. माली देशातल्या एका रानटी भातातून आलेलं 'एक्सए-२१' नावाचं प्रतिकारक जनुक १९९५ साली कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या गटानं वेगळं केलं. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेनं मिळून ते जनुक, आणखी दोन प्रतिकारक जनुकांसह, नेहमीच्या संकराच्या पद्धतीनं सांबा मसुरी या भाताच्या जातीत आणलं, आणि २००८ साली 'इम्प्रूव्हड सांबा मसुरी' शेतकऱ्यांच्या हाती आली. जात मुळात कणखर, युरिया बेताचा, आणि मुळाशी चांगला जिवाणू. तिन्ही एकत्र आले तर स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीची गरज फार कमी उरते असं माझं मत आहे.

एका उपायाचा उल्लेख राहिला. तमिळनाडू कृषी विद्यापीठ कडाकरप्यावर ताज्या शेणाच्या पाण्याची फवारणी सांगतं. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम शेण कालवायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी गाळून घ्यायचं, रोग दिसू लागताच फवारायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. शेण म्हणजे सूक्ष्मजीवांची खाणच आहे, पानावर त्यांची वस्ती आधी झाली की झँथोमोनासला जागा आणि अन्न अपुरं पडतं. कमी खर्चाचा, तपासून सांगितलेला उपाय म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

अंधेरीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचं गावी, रायगड-रत्नागिरीत, शहापूर-मुरबाडला किंवा भंडारा-गोंदियाला भात असतं, आणि मे महिन्यात गावी फोन होतोच. या वेळी फोनवर एवढं सांगा. पेरणीआधी किलोमागे दहा ग्रॅम स्युडोमोनास बियाण्याला चोळायचा. लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात अर्धा तास बुडवायची. पुडी घेताना तारीख पाहायची, कारण आतला माल जिवंत आहे आणि मुदत संपली की ती नुसती पावडर उरते. पुडी उन्हात ठेवायची नाही, आणि तांब्याच्या औषधात मिसळायची तर मुळीच नाही, नाहीतर जिवाणू मरतात. पानाची कड पिवळी दिसली तर युरियाचा पुढचा हप्ता थांबवायचा आणि त्या खाचराचं पाणी शेजारच्या खाचरात सोडायचं नाही.